चित्रगुप्तांचं ताट

"हात मागं घे, मार्था! तुझं तारण गेलंय!"

प्रभुभोजनाचा रविवार, चर्चमध्ये मंडळी डोळे मिटून बसलेली, आणि आमचे चित्रगुप्त द्राक्षरसाच्या इवल्या पेल्यांचं ताट छातीशी धरून ओरडत होते. मी पेटीवर होतो. माझा सूर जो घसरला तो पुढचे तीन रविवार सापडला नाही. शेजारच्या कारखान्यातले यंत्रमाग त्या आवाजानं जागीच थांबले आणि तिथल्या टॉवेलची किनार आजही वाकडी निघते, असं मी सगळ्यांना सांगतो. ते खोटं असेल, ओरडणं खरं होतं. मार्था त्यांची एकुलती एक मुलगी.

चित्रगुप्त हे नाव अर्थातच आमचं, पाठीमागचं. सोलापुरातल्या आमच्या चर्चचे ते सगळ्यांत जुने वडील, म्हणजे कारभारी. हे नाव त्यांच्या कानावर गेलं असतं तर अर्ध्या मंडळीचं तारण तिथल्या तिथं रद्द झालं असतं. पापानं तारण, म्हणजे प्रभूनं दिलेली मुक्ती, जातं यावर त्यांचा विश्वास इतका दांडगा, की ते मुळात मिळतं यावर तरी आहे का, अशी शंका यावी. ताट कुणापुढून न थांबता सरकलं, यावरून आम्हाला त्या महिन्याचे नरकवासी कळत. माझ्यापुढून दोनदा सरकलं. एकदा सिनेमामुळे, दुसरं कारण मी सांगणार नाही.

मार्थाचं पाप शिऱ्याचं. शेजारच्या नरसम्मानं सत्यनारायणाचा प्रसाद आणला. मार्था आजारी असताना याच बाईनं महिनाभर जेवण पुरवलेलं. तिला नको कसं म्हणायचं? मार्थानं दारातच खाल्ला आणि वर बोटं चाटली. बोटं चाटताना चित्रगुप्तांनी पाहिलं.

पाळकसाहेब, म्हणजे आमचे पाद्री, समजवायला घरी गेले. प्रभूनं एकदा हात धरला की तो सोडत नाही, म्हणाले.

"त्यो न्हाय सोडत वो," चित्रगुप्त म्हणाले. "पर हिनंच झटकला तर?"

मार्थानं मंडळीसमोर उभं राहून रडून पश्चात्ताप केला. त्यावर ते एवढंच म्हणाले, "खरा हाय का, बघावं लागंल." हे बघणं अकरा वर्षं चाललं. दर महिन्याला मार्था पहिल्या बाकावर बसे, हात पुढे करी, ताट सरके. घरी जाऊन ती त्यांना भाकरी वाढी, आणि ती मात्र ते दोनदा मागून घेत.

तरी माणूस प्रेमळच म्हणायचा. मंडळीत कुणीही मरो, खड्डा खणायला पहिलं फावडं त्यांचं. ज्यांना जिवंतपणी नरकात धाडलं त्यांच्या शवपेटीलाही खांदा देत. मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "तारण गेलंय, पर वजन हाय की त्येला."

गेल्या वर्षी भर दुपारी ते अंगणात कोसळले, उजवं अंग गेलं. रिक्षा येईपर्यंत नरसम्मा सिद्धेश्वराची विभूती घेऊन धावत आली. मार्था आडवी आली. अप्पांना हे चालत नाही, म्हणाली. आणि अप्पा जमिनीवरूनच, वाकड्या तोंडानं म्हणाले, "लाव गं. लवकर लाव." कपाळभर लावून घेतली.

जगले, पण विभूतीसकट जगले. ते गेले त्याच्या आदल्या आठवड्यात पाळकसाहेब घरी प्रभुभोजन घेऊन गेले. मीही सोबत होतो. चित्रगुप्तांनी पेला पाहिला आणि ओठ घट्ट मिटले. दुसऱ्यांपुढून ताट सरकवणाऱ्या माणसानं या वेळी आपलं तोंडच बाजूला केलं. मग डाव्या हातानं मार्थाचा पदर धरला.

"माझं तारण गेलं का गं? रोज पश्चात्ताप करतोय मी."

डोळ्यांतून धार लागली होती. पाळकसाहेबांनी मार्थाला मानेनं खुणावलं. मी तर मनातल्या मनात तिला हात जोडले.

मार्थानं त्यांच्या हनुवटीवरची लाळ पुसली, पदर सोडवून घेतला.

"खरा हाय का, बघावं लागंल," ती म्हणाली.