पंप जोडलेलाच नव्हता

या सदरातले भुताखेतांचे अनुभव वाचून मी आजवर दोनच गोष्टी केल्या आहेत. हसले, नाहीतर खाली प्रतिक्रियांमध्ये भांडले. "पुरावा द्या" असं लिहिणारी ती मीच. अंगात येणं, उतारे, लिंबू-मिरची, सगळ्यावर माझी पत्रकं छापलेली आहेत आणि आठवडी बाजारात उभं राहून मी ती वाटलेली आहेत. दवाखान्यात डॉक्टर नसतो म्हणून माणसं भगताकडे जातात, हे माझं म्हणणं होतं. आजही आहे.

तरी लिहितेय. कारण गेल्या वैशाखात जे झालं ते मला कुठल्याच पत्रकात घालता येत नाही.

आमचं घर कुणकेश्वरला, समुद्राच्या अंगाला. माझा दादा, सुरेश, देवगड बंदरात मच्छीमार बोटींची इंजिनं दुरुस्त करायचा. त्याच्याकडे एक जुनी डिझेल जीप होती. वाडीत कोणाला रात्री-अपरात्री दवाखान्यात न्यायचं तर दादाची जीप, हे ठरलेलं. पण जवळच्या सरकारी रुग्णालयात (नाव लिहीत नाही, ओळखणारे ओळखतील) तज्ज्ञ डॉक्टरच्या खुर्चीवर बसतो तो फक्त पंखा. तिथून चिठ्ठी मिळते, "पुढे न्या". पुढे म्हणजे वैभववाडी, तिथून करूळ घाट चढून कोल्हापूर. आणि घाटात जीप तापायची.

म्हणून दादाने तिला इलेक्ट्रिक वॉटर पंप बसवायला घेतला. गाडीचा मूळचा पंप पट्ट्यावर, म्हणजे इंजिनाच्या वेगावर फिरतो. ट्रकच्या मागे रखडलात की तोही रखडतो. इलेक्ट्रिक पंप बॅटरीवर चालतो, इंजिन रखडलं तरी पाणी फिरवत राहतो. दोन सेन्सर... एक इंजिनाच्या डोक्यावर, एक रेडिएटरच्या खालच्या अंगाला. दोन्हींचे तापमानाचे आकडे डॅशबोर्डवर. शिवाय दादाने बॉनेटला चौकोनी खिडकी कापून पाण्याच्या वाटेत जाड काचेची नळी घातली होती, सीटवरून दिसेल अशी. बोटवाले इंजिन चालू केल्यावर आधी बाजूला वाकून बघतात, इंजिन थंड करणारं पाणी बाहेर पडतंय ना. तीच सवय.

"आकडे दिसतायत ना? मग काच कशाला?" मी विचारलं होतं.

"आकडो खोटा बोलतलो, पाणी नाय. तू तुझी पत्रकां बघ गो."

"वाचलंस का एक तरी?"

"कागद बरो आसा," तो हात पुसत म्हणाला. "ग्रीस लगेच जाता."

मूळचा पंप काढून त्या जागी पट्टी मारून झाली होती, नवा बसायचा होता. तेवढ्यात मार्गशीर्षात दादाच्याच छातीत दुखायला लागलं. चिठ्ठी मिळाली, पुढे न्या. त्याची स्वतःची जीप अंगणात उघडी पडलेली, म्हणून भाड्याची गाडी केली. ती घाटात तापली. वाफा यायला लागल्या तसा ड्रायव्हर घाबरून खाली उतरला आणि मागच्या सीटवरून, माझ्या मांडीवर डोकं असलेला माझा दादा म्हणाला, "झाकण उघडू नको रे... भाजशीत."

त्यानंतर तो बोलला नाही. आम्ही वळणावर उभेच होतो.

वहिनीला तेव्हा नुकते दिवस गेले होते.

पुढचं काम दादाचा दोस्त दिगंबर, आमचा दिगा, याने हातात घेतलं. आई म्हणत होती, विकून टाका, डोळ्यांसमोर नको ती. मी म्हटलं, नाही. वहिनीचं बाळंतपण आहे. तिला त्याच घाटातून भाड्याच्या गाडीत न्यायची नाही. मग मी दिगाच्या हाताखाली राहिले. पंप बसला, सेन्सर बसले. पाणी भरून गाडी चढावर नाक वर करून उभी केली आणि दिगा पाइप दाबून दाबून आतली हवा काढत बसला. काचेतले बुडबुडे संपून पाणी सरळ वाहायला लागलं तेव्हा तो म्हणाला, "झाला रे सुऱ्या." आणि तोंड फिरवून उगाच पाने-पकडी आवरायला लागला.

वैशाखातल्या त्या दिवशी सकाळी दिगा शेवटचं काम करत होता. आमच्याकडे खाऱ्या वाऱ्याने वायरींचे जोड हिरवे पडतात, म्हणून प्रत्येक जोड सोडून त्यात ग्रीस भरतात. दिगाने पंपाचा प्लग सोडला, लोंबू नये म्हणून जाळ्याच्या निळ्या दोरीने बाजूच्या पत्र्याला बांधला, आणि ग्रीसचा डबा आणायला पडवीत गेला. तेवढ्यात आतून आईची हाक आली.

वहिनी न्हाणीत पडली नव्हती, काही उचललं नव्हतं. नुसती उभी होती आणि रक्त जात होतं. सातवा महिना.

ॲम्ब्युलन्स दुसऱ्या पेशंटला घेऊन गेलेली. फोन केलेल्या प्रत्येक गाडीत हापूसच्या पेट्या. आमच्याकडे वैशाखात आंब्याला गाडी मिळते, बाईला मिळत नाही... हे वाक्य मी नंतर छापलंय, पण ते सुचलं तिथेच, अंगणात. दिगाने बॉनेट धाडकन लावलं. "बसा!"

रुग्णालयात नर्सने बघितलं आणि पेन काढलं. पुढे न्या.

मागे आई, तिच्या मांडीवर वहिनी. पुढे दिगाशेजारी मी. "बाय, तू आकड्यांवर डोळो ठेव," दिगा म्हणाला. "मी रस्त्यावर ठेवतंय. नव्वदच्या वर गेलो तर सांग." पंपाच्या स्विचवरचा हिरवा दिवा लागलेला होता.

वैभववाडी सोडली. भर दुपार. घाटात पुढे आंब्याचे ट्रक, एकामागे एक, पहिल्या गिअरवर. दादा गेला तेच वळण आलं. मी आकडा बघत होते. शहाऐंशी. अठ्ठ्याऐंशी. पुन्हा शहाऐंशी. खालच्या सेन्सरचा त्याहून बराच कमी, म्हणजे पाणी रेडिएटरमध्ये जाऊन थंड होऊन परत येत होतं. आणि काचेतून समोर दिसत होतं ते... वाहतं, सरळ, एकसारखं. मी घाट संपेपर्यंत त्या आकड्यांवरून आणि त्या पाण्यावरून नजर काढली नाही.

"तापली काय रे?" आई मागून विचारत होती. "तापली काय?"

"नाय गो काकी. गार आसा," दिगा दर वेळी सांगत होता.

कोल्हापुरात वहिनीला आत घेतलं. बऱ्याच वेळाने डॉक्टर बाहेर आले. चांगले होते, हळू बोलले. आई वाचली. बाळ नाही. मुलगी होती. "थोडं आधी आणलं असतं तर..."

आधी म्हणजे कुठून आधी? मी त्यांच्यावर ओरडले. त्यांचा काय दोष? आमच्या तालुक्यातल्या रिकाम्या खुर्चीवर ओरडायचं होतं, ते त्यांच्यावर ओरडले.

मग मी खाली आले. दिगा जीपसमोर उभा होता, बॉनेट उघडं. त्याचा चेहरा बघून मला वाटलं त्याला बाळाचं कळलं. कळलेलं नव्हतं.

"बाय, ह्यां बघ."

"काय?"

"प्लग."

निळी दोरी. तीच गाठ. प्लग पत्र्याला बांधलेला, तोंडात ग्रीस नाही, काही नाही, कोरडा.

"मी लावूकच नाय गो," दिगा म्हणाला. "मी इसारलंय. पंप फिरूकच नाय."

हिरवा दिवा स्विचपुरता लागतो. वायर पंपापर्यंत पोचते की नाही, ते त्याला कळत नाही. मी तिथेच त्याला इंजिन चालू करायला लावलं. काचेतलं पाणी हललं नाही. वरचा आकडा चढायला लागला, नव्वद... पंचाण्णव... खालचा होता तिथेच. दिगाने घाबरून इंजिन बंद केलं. प्लग न लावता जीप पार्किंगमध्ये चालू ठेवून उभीसुद्धा करता येत नव्हती. आणि ती आम्हाला घाट चढवून घेऊन आली होती.

मी सोडलं नाही. सवयच नाही सोडायची. गरम पाणी आपोआप वर जातं आणि थोडंफार फिरतं, हे मला माहीत आहे. पूर्वीच्या काही गाड्या तशाच चालायच्या. मोटारींचं शिकवणाऱ्या एका सरांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, भरलेली जीप, उन्हात, पहिल्या गिअरवर घाट... शक्य नाही, तुमच्या माणसाने प्लग नंतर काढला असेल. दिगाला मी हे विचारलंसुद्धा. तो रडला. दोरीची गाठ त्याने सकाळी मारली ती मी माझ्या डोळ्यांनी पाहिली होती. आणि काचेतलं पाणीही माझ्याच डोळ्यांनी पाहिलंय. कोणता डोळा खोटा धरू?

गावात बातमी गेलीच. आता जीपला हार घालतात. एकाने बॉनेटवर नारळ फोडला, मी त्याला हाकलला. एक पुढारी तर मला म्हणाले, "काळजी कशाक करतंस? सुरेश आसा मा!" म्हणजे डॉक्टर नेमायला नको, ॲम्ब्युलन्स वाढवायला नको. जिवंत होता तोवर ज्याला तुम्ही एक तज्ज्ञ देऊ शकला नाहीत, त्याला मेल्यावर ड्युटी लावताय? मी हे त्यांच्या तोंडावर बोलले. म्हणूनच गावात मी प्लगची गोष्ट खोटी आहे असं सांगते. इथे खरं सांगतेय.

वहिनीला मी सांगणार नव्हते. पण वाडीतल्या बायकांनी सांगितलंच. त्या दिवशी ती मागल्या दारी बसली होती. अजून तिला दूध येत होतं, ब्लाउजच्या आत फडकं बांधलेलं. मला वाटलं, तिला यातून थोडा आधार मिळेल. निदान ती एकटी नव्हती त्या घाटात, असं.

तिने फडक्याची गाठ सारखी केली. मग अगदी साध्या आवाजात, भाजी काय करू विचारावं तसं तिने विचारलं, "ते माका पोचवूक इल्ले, की बाळाक न्हेवूक?"

इंजिनाचं स्पष्टीकरण कोणाकडे असेल तर खाली लिहा, मी वाचेन, आणि पटलं तर मान्यही करेन. पण तिला काय सांगू, हेही कोणाला येत असेल तर लिहा. ती अजून माझ्या तोंडाकडे बघते.