दुधट बाटल्यांची चोरी

रोपाच्या पोटात जिवाणू राहतात आणि त्याचं भलं करतात, हे तुम्हाला माहीत होतं का? नव्हतं ना? लाजू नका. पितळी पाटीच्या प्रयोगशाळेत बसणाऱ्या मोठ्या साहेबांच्याही ध्यानात आलं नव्हतं. आलं ते बाटल्या धुणाऱ्या मावशीच्या.

तिथे काचेच्या बाटलीत, जेलीसारख्या खाद्यावर केळीचे कोंब वाढवतात. मावशी एकोणीस वर्षं रोज एकेक बाटली उजेडासमोर धरते आणि गढूळ दिसली की बाजूला काढते. नियम सोपा: गढूळ म्हणजे घाण, आणि घाण म्हणजे कचरा. नियम साहेबांचा, त्यामुळे त्यात डोकं घालायला जागाच नाही.

पण मावशीचे डोळे काही बाटल्यांसोबत धुऊन निघाले नव्हते. बुरशी धरते ती जेलीवर कुठेही, कापसासारखी. काही बाटल्यांत मात्र कोंब जिथे कापलाय तेवढ्याच जागेभोवती दुधट कडं, आणि कोंब ठणठणीत. बाहेरची घाण नेमकी तिथेच का बसेल? हे रोपाच्या आतूनच येतंय, असं तिने साहेबांना सांगितलं. साहेबांनी प्रेमाने समजावलं, की मावशी, बाटल्या तुम्ही बघा, विज्ञान आम्ही बघतो.

मग तिने बाटल्याच बघितल्या. चौदा दुधट बाटल्यांमधले कोंब तिने शेडनेटच्या मागच्या कोपऱ्यात ट्रेमध्ये लावले. घरी लेक चिडली, "आई, नोकरी घालवशील."

"रोपं मेली तर गप्प बसेन," मावशी म्हणाली. "जगली तर का गप्प बसू?"

उन्हाळ्यात पंप बिघडला आणि तीन दिवस पाणी नाही. साहेबांच्या शुद्ध, निष्कलंक रोपांनी ओळीने माना टाकल्या. मावशीची चौदातली तेरा उभी. तेव्हा कुठे साहेब त्या कोपऱ्यात आले आणि पानं तपासायला गेली. अहवाल आला: आत जिवाणू आहेत. मुळं वाढवतात, हवेतलं नत्र रोपाला मिळवून देतात, रोगाला आडवे येतात. साहेबांनी लगोलग लेख लिहिला, "आमच्या निदर्शनास आले". कोणाच्या डोळ्यांनी आले, ते लिहायला कागद अपुरा पडला असावा.

मावशीसाठी मात्र कागद पुरला. नष्ट करायचा माल लपवला, तर कामावरून का काढू नये, याचा खुलासा करा.

ती नोटीस घेऊन थेट साहेबांच्या टेबलापाशी गेली. "साहेब, मी तो माल नष्ट केला असता, तर तुम्ही लेख कशावर लिहिला असता?"

साहेबांनी पंखा वाढवला.

चौकशी सोमवारी दहाला आहे. समोर तीन साहेब बसतील, तिघेही एकमेकांचे दोस्त. मावशीच्या बाजूला लेक आणि तिच्यासोबत बाटल्या धुणारी मी, एवढेच. चौकशीचं दालन सगळ्यांना खुलं असतं, खुर्च्याही भरपूर आहेत. अर्धा दिवस सुट्टी टाका आणि तिच्या मागे येऊन बसा.