कुसुमबाईंची खात्री

कुसुमबाई पहिल्यांदा आमच्या दारात आल्या, तेव्हा मी बोरगावात नुकतंच घर बांधलं होतं. त्याला बावीस वर्षं झाली; आता माझ्या निवृत्तीला चौदा महिने उरलेत. पवनारला धाम नदीच्या काठी त्यांच्या सासरची दीड एकराची भाजीची वाडी होती. पहाटे तोडलेला माल टोपलीत भरून त्या पहिल्या बसने यायच्या आणि दारात टोपली उतरवली की आधी वाईट तेच सांगायच्या.

"वांगे नोको घेऊ वं आज. आतून किडले हायेत. पालक घे."

"मग आणलेच कशाला?" माझी बायको विचारायची.

"ढोरांसाठी कोणी नेईन त्याले देईन. तुले काऊन देऊ?"

मी वाणिज्य शाखेचा. मालविक्रीच्या कायद्यात 'गर्भित हमी' नावाचं एक प्रकरण आम्हाला होतं. विकणारा तोंडाने बोलला नाही, तरी माल सांगितला तसाच आहे हे व्यवहारात धरून चालायचं, असं त्याचं सार. परीक्षेत मी त्यावर पानभर उत्तर लिहिलं होतं, पण ते पटलं कुसुमबाईंमुळे. आमच्या गल्लीत त्यांच्या भेंडीचं टोक कोणी मोडून पाहत नसे. त्यांनी चांगली म्हटली की ती चांगली.

चार वर्षांपूर्वी त्यांचे गुडघे गेले. टोपली सुटली. तोपर्यंत त्यांचा मुलगा चंदन सावंगीच्या चौकात नूडल्स आणि मंचुरियनचा ठेला लावू लागला होता. मेडिकलची मुलं-मुली हेच त्याचं गिऱ्हाईक. मायलेक आमच्या मागच्याच गल्लीत दोन खोल्या घेऊन राहायला आले. बसून करता येईल असं काम म्हणून कुसुमबाई ओमप्रकाश शेठच्या सॉसच्या शेडमध्ये जाऊ लागल्या. त्या सॉसच्या बाटलीवर दव पडलेल्या तीन टोमॅटोंचं सुरेख चित्र होतं.

पहिल्या दिवशी संध्याकाळी त्या माझ्या फाटकाशी थांबल्या.

"भाऊ, तिथं टमाटर नाई."

"संपले असतील."

"संपले नाई, आणतच नाई. कोहळे हायेत. ढीगच्या ढीग! शिजवतात, लाल रंग टाकतात, आंबट टाकतात. वास बी शिशीतून येते." आणि त्या हसल्या. "कोहळ्यानं कोणी मरत नाई. पण मंग कोहळं म्हणून विकावं ना, बाप्पा."

लाल भोपळ्याला आमच्याकडे कोहळं म्हणतात. अख्खं कोहळं बाईने कापायचं नाही. ते घरच्या थोरल्या लेकासारखं. पहिला घाव पुरुषाने घालायचा, मग बाईने फोडी करायच्या. शेडमध्ये आठ बायका आणि रोज टेम्पोभर कोहळी, तरी हा नियम मोडला नव्हता. टेम्पोचा ड्रायव्हर गजेंद्र माल उतरवला की कोयता घेऊन एकेक कोहळं दुभंगायचा. "मार गा गजेंद्र, साऱ्याचं पाप तुलेच," असं बायका चिडवायच्या. "माह्यं लग्नच नाई झालं, मले कायचं पाप?" असं तो म्हणायचा.

चंदन तोच सॉस आणायचा. कुसुमबाईंनी त्याला सांगून पाहिलं.

"माय, चौकातले सारेच ठेले तेच वापरतात. पोट्टे नूडल खाले येतात, टमाटर खाले नाई."

संध्याकाळी त्या ठेल्यापाशी स्टुलावर बसून पत्ताकोबी चिरायच्या. तिथेच एकदा नर्सिंगच्या पहिल्या वर्षाची सुरभी नावाची मुलगी बाटली हातात धरून थांबली. तिच्या आईने तिला घरून निघताना बजावलं होतं, की बाहेरच्या सॉसमध्ये काय असतं सांगता येत नाही. तिने चंदनला विचारलं नाही. सरळ कुसुमबाईंना विचारलं.

"मावशी, तुम्ही भाजीवाल्या होता ना? खरं सांगा, टोमॅटोच आहे ना हा?"

चंदन झारा हातात धरून आईकडे पाहत राहिला. मागे पाच-सहा मुलं उभी होती.

"हाव," कुसुमबाई म्हणाल्या. "टमाटरच हाये."

मी तेव्हा तिथेच पार्सलची वाट पाहत होतो. मुलीने बाटली उलटी केली आणि प्लेटवर भरपूर सॉस ओतून घेतला. पुढच्या आठवड्यात ती आणखी चौघींना घेऊन आली. मावशी खोटं बोलत नाही, हे होस्टेलभर झालं. चंदनला धंद्याची नस सापडली. त्याने आईचा डोक्यावर पदर घेतलेला फोटो टाकून बोर्ड करायला दिला आणि मजकुरासाठी माझ्याकडे आला, कारण माझं अक्षर आणि शुद्धलेखन चांगलं. 'अस्सल टोमॅटो सॉस. कुसुमबाईंची खात्री.' मी कागदावर लिहून दिलं. कोहळ्याचं मला माहीत होतं. तरी लिहिलं, आणि 'खात्री'खाली रेघही ओढली.

बोर्ड लागल्यावर कुसुमबाई स्टूल फिरवून त्याच्याकडे पाठ करून बसू लागल्या.

मग मे महिन्यात गजेंद्र नात्यातल्या लग्नाला गेला तो दोन दिवस आलाच नाही. कोहळी शेडमध्ये पडून, बायका हात बांधून बसलेल्या. ओमप्रकाश शेठ आरडाओरड करत आले. कुसुमबाई सगळ्यांत मोठ्या. त्या म्हणाल्या, "शेठजी, आमी काम नाई म्हणत काय? घाव तेवढा तुमी घाला."

शेठनी पांढऱ्या शर्टाच्या बाह्या सारल्या आणि कोयता हाणला. तो अर्ध्यात रुतला. शेठनी उपसायला जोर लावला तर कोयत्यासकट अख्खं कोहळं वर आलं. बायका हसून लोळायच्या बाकी राहिल्या. "जोरानं, शेठजी, जोरानं! जेवले नाई काय?" उज्वला नावाच्या तरुण बाईने ते मोबाइलवर टिपलं आणि स्टेटसला ठेवलं. लपवण्यासारखं त्यात काही आहे, हे तिच्या मनातही आलं नाही. शेठची फजिती, एवढंच तिला दिसलं. मागे टोमॅटोच्या चित्राच्या बाटल्यांच्या रांगा होत्या, आणि पुढे कोहळ्याला हात लावून नमस्कार करणाऱ्या कुसुमबाई.

दोन दिवसांत तो व्हिडिओ सावंगीच्या प्रत्येक होस्टेलात पोहोचला. मुलं ठेल्यासमोर येऊन बोर्डाचा आणि कुसुमबाईंचा एकत्र फोटो काढू लागली. "मावशी, कोहळ्याची खात्री किती दिवसांची?" असं एकाने विचारलं, तेव्हा सगळे हसले.

सुरभी आली ती एकटीच. ती हसत नव्हती. तिने मोबाइल पुढे धरला.

"ह्या तुम्हीच ना?"

"हाव. मीच हाये."

"मग तेव्हा मला का नाही सांगितलं? मी तुम्हालाच विचारलं होतं."

कुसुमबाईंनी हातातली सुरी खाली ठेवली. "तवा माहा लेक समोर उभा होता, बाई."

मुलगी निघून गेली. ती परत आली नाही.

बाकीचे आले. आठ दिवस ठेला रिकामा होता, नवव्या दिवसापासून पुन्हा गर्दी. शेठनी उज्वलाला आणि कुसुमबाईंना कामावरून काढलं, लेबलवरचे टोमॅटो काढले आणि त्या जागी 'लाल सॉस' असं छापलं. आत कोहळंच. चंदनने बोर्ड उतरवला. तो वाईट मुलगा नाही. आईला बरं वाटावं म्हणून तो मला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "पाह्य माय, कोणालेच काई फरक नाई पडला. कायले मनाले लावून घेतं?"

मला वाटतं, कुसुमबाईंना सगळ्यांत जास्त लागलं असेल तर ते हेच वाक्य.

आता त्या आमच्या गल्लीच्या तोंडाशी गोणपाट अंथरून बसतात. पुतण्या पवनारहून थोडी भाजी आणून देतो. आधी काही सांगत नाहीत. भाव विचारला तर तेवढा सांगतात. गेल्या रविवारी माझी बायको त्यांच्याकडे भाजी घ्यायला गेली. मी पिशवी धरून मागे होतो.

"वांगी कशी आहेत, कुसुमबाई?"

त्यांनी वर पाहिलं नाही. गोणपाटाखालून सुरी काढली आणि मूठ तिच्याकडे करून पुढे सरकवली.

"कापून पाह्य."

"अहो, तुम्हीच सांगा ना."

"मले नोको विचारू. कापून पाह्य."

बायकोने अवघडून सुरी घेतली आणि एक वांगं कापलं. स्वच्छ निघालं, आतून पांढरंशुभ्र. कुसुमबाई तिच्या हाताकडे पाहत होत्या. बायकोने ते बाजूला ठेवलं आणि दुसरं वांगं उचलून तेही कापलं.