श्रीखंडाच्या डब्यातला दत्ता

दत्ता गेला त्या दिवशी पहाटे पाच वीसला त्याचा मेसेज आला, ‘वसंता, ऊठ. पाणी इला.’ मी उठलो, नळाला पाइप लावला, पिंप भरायला सोडलं, आणि दहा मिनिटांत त्याच्या मुलीचा, पूर्वाचा, हॉस्पिटलातून फोन. “काका, बाबा गेले.” मी तिच्यावरच खेकसलो, “काहीतरी बोलू नकोस. आत्ता तर त्याचा मेसेज आला.” पोर रडायला लागली. इकडे पिंप भरून मोरीभर पाणी झालं, ते बंद करायला माझी बायको मंगल धावली. दत्ता चार दिवस हॉस्पिटलात होता आणि तरी त्याचा मेसेज रोज पहाटे येत होता. तो कोण पाठवतं हे मला चांगलं ठाऊक होतं. मेसेज दत्ता नाही, त्याचा डबा पाठवत होता. पण सवय इतकी वाईट, की त्या क्षणी डबा आठवलाच नाही, दत्ता आठवला. या गोष्टीला आता दीड महिना झाला.

दत्ताराम परब. कुडाळकडचा. वडील गिरणीत, हा विक्रोळीच्या एका कारखान्यात मेन्टेनन्सला. मी मूळचा साताऱ्याकडचा, नोकरीने बसचा कंडक्टर, जन्मभर लोकांना ‘पुढे सरका’ सांगण्यात गेला, त्यामुळे आवाज मोठा आणि डोकं लवकर तापणारं. घाटकोपरच्या टेकडीवरच्या आमच्या चार मजली, बिनलिफ्टच्या बिल्डिंगीत तो पहिल्या मजल्यावर, मी तिसऱ्या. एकमेकांना ‘अरे-तुरे’ करायला आम्हाला दोन दिवस पुरले आणि भांडायला एक. तो काहीही फेकायचा नाही. पंख्याची मोटर, कुकरची शिट्टी, रेडिओची पोटं... सगळं पलंगाखाली. त्याची बायको, आमच्या सुनंदावहिनी, म्हणायच्या, आमच्या पलंगाखाली केर काढायचा तर आधी इंजिनीअर बोलवायला लागेल.

त्याच्या कारखान्यातल्या साहेबांना एकेकाळी कॉम्प्युटरवाले फोन दिले होते. खिसा खाली ओढणारं जड प्रकरण, मुंगीएवढी बटणं आणि पडद्यावर टोचायला एक काडी. पुढे साहेबांना नवे फोन आले, जुने भंगारात निघाले, आणि दत्ताने त्यातला एक रीतसर अर्ज करून मागून आणला. काडी हरवलेली होती, तर हा गडी दातकोरण्याने टोचायचा. त्याच वर्षी पूर्वाचा कॉलेजचा फॉर्म नेटवर भरायचा होता, आणि आमच्या टेकडीवर तेव्हा नेटची वायर पोचलेली नव्हती. दत्ता म्हणाला, ह्या फोनाचा मोडेम करतो. मी विचारलं, मोडेम म्हणजे काय रे बाबा? तो म्हणाला, म्हणजे फोनने स्वतः काही करायचं नाही, कॉम्प्युटरचा निरोप बाहेर आणि बाहेरचा आत पोचवायचा. म्हणजे कंडक्टर, मी म्हटलं. घंटी आपण मारायची, गाडी दुसऱ्याने चालवायची. हे त्याला इतकं पसंत पडलं, की पुढे कोणी विचारलं तर तो ‘वसंता आहे ना, तेच काम’ असं सांगायचा.

दोन रविवार तो त्या फोनाच्या चार्जरची वायर सोलत बसला होता. शेवटी फोन खिडकीच्या गजाला सुतळीने बांधला, कारण रेंज फक्त तिथे, आणि तिथून वायर कॉम्प्युटरला. नेट चालू झालं म्हणजे काय, तर एकेक पान गुडघेदुखीचा माणूस जिना उतरतो तसं वरून खाली यायचं. शिवाय फोन आला की नेट तुटायचं. म्हणून दत्ताने सगळ्या बिल्डिंगीत फिरून सांगितलं, आज मला कोणी फोन करायचा नाही. बिल्डिंगीने पाळलं. फॉर्मचं शेवटचं पान आलं आणि कुडाळहून त्याच्या अक्काचा फोन, पाठवलेलो फणस पोचलो काय? नेट तुटलं. सगळा फॉर्म पहिल्यापासून. मी असतो तर फणसाच्या नावाने शिमगा केला असता. दत्ता शांतपणे म्हणाला, “अक्का, फणस पोचलो. आता तासभर कोण मेलो तरी फोन करू नको.” फॉर्म गेला. पूर्वा शिकली, आज पुण्यात चांगल्या नोकरीत आहे. त्या दिवशी आम्ही तो फणस फोडला आणि सगळ्यांचे हात तेलाचे असल्यामुळे निदान दोन तास त्या फोनाला कोणी शिवलं नाही.

आता पाण्याचं. आमच्याकडे पाणी पहाटे येतं, पण कधी पाचला, कधी सहाला, त्याच्या मर्जीने, आणि पाऊण तासात जातं. वरची टाकी गळकी म्हणून बाद केलेली. त्यामुळे बिल्डिंगीत पाण्याची पाळी असायची. ज्या घराची पाळी, त्याने आठवडाभर साडेचारपासून जिन्याखालच्या मीटरच्या खोलीत बसायचं, आणि तिथल्या नळाला पाणी आलं की जिन्यात उभं राहून सोळा घरांना हाक मारायची. माझ्या पाळीत मी खुर्चीवर बसलो आणि जो घोरायला लागलो, तो उठलो सात वाजता. एकदा नाही, एकाच आठवड्यात दोनदा. दुसऱ्या वेळी चौथ्या मजल्यावरच्या शेखभाभींकडे पाहुणे आलेले आणि घरात तांब्याभर पाणी नाही. माझी पार लाज निघाली. मंगलने तर चारचौघांत हात जोडले. दत्ता मात्र नुसता माझ्याकडे बघत राहिला, आणि त्याचं असं बघणं म्हणजे काहीतरी शिजतंय.

तोपर्यंत त्या फोनाचा पडदा फुटला होता, बॅटरी फुगली होती. दत्ताने बॅटरी काढून टाकली, थेट विजेची सोय केली, पूर्वाचा जुना लॅपटॉप जोडला आणि मीटरच्या खोलीतल्या नळाखाली एक बादली ठेवून तिच्यात दोन तारा सोडल्या. नळ उघडाच ठेवायचा. पाणी आलं, तारा भिजल्या, की लॅपटॉप फोनला सांगणार आणि फोन सोळा घरांना मेसेज टाकणार. बादलीतलं पाणी तळमजल्यावरच्या पटेलबेनच्या तुळशीला. सगळं झकास. मग त्याला वाटलं, फोनाला धूळ नको, म्हणून त्याने तो स्टीलच्या डब्यात घालून झाकण घट्ट लावलं... आणि रेंज गेली. तीन दिवस हा गडी वायरी तपासतोय, प्रोग्राम तपासतोय. चौथ्या दिवशी मी सहज म्हटलं, अरे, आमच्या डेपोत गाडी पत्र्याच्या शेडखाली गेली की फोन लागत नाही. दत्ताने डब्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि कपाळावर हात मारला. तेवीस वर्षं मेन्टेनन्सला काढलेला माणूस! त्या संध्याकाळी वहिनींनी श्रीखंडाचा प्लास्टिकचा डबा धुऊन दिला, आणि तेव्हापासून फोन त्यात. हा शोध माझा आहे, हे मी मरेपर्यंत सांगणार.

प्रत्येक घराला त्याने वेगळा मेसेज लिहिला होता, इंग्रजी अक्षरांत, पण ज्याच्या त्याच्या भाषेत. पटेलबेनना ‘पाणी आव्युं’. शेखभाभींना ‘भाभी, पानी आया, मेहमान भी बुला लो’. मला ‘वसंता, ऊठ’. आणि हा डबा बरा आहे की नाही हे बघायचं, तर लॅपटॉपवर ‘एटी’ एवढंच लिहायचं. फोन जागेवर असेल तर तो ‘ओके’ म्हणतो. म्हणजे ‘आहेस का रे?’, ‘आहे’. पुढे आमचं जिन्यातलं बोलणंही तसंच झालं. मी वरून उतरताना त्याच्या दारावर थाप मारून ‘एटी!’ ओरडायचो, तो आतून ‘ओके!’ हॉस्पिटलात शेवटचं भेटलो तेव्हाही मी दारातूनच ‘एटी’ म्हणालो. नाकात नळी होती, बोलायला मनाई होती. त्याने नुसता अंगठा वर केला. मग मला जवळ बोलावून हळूच म्हणाला, “डब्याकडे बघ हां जरा.” मी म्हटलं, तूच ये आणि बघ. खोटं कशाला सांगू, तो येईल असंच मला वाटत होतं.

आणि मी डब्याकडे कसं बघितलं, ते ऐका. दिवसपाणी झाल्यावर वहिनींच्या मागे कागदपत्रांचा घोळ लागला. पूर्वा पुण्याला परत गेलेली. मी म्हटलं, वहिनी, तुम्ही काही करू नका, हा वसंता कशाला आहे? मृत्यूचा दाखला घेऊन दोन दिवस फिरलो, सगळीकडे मोठ्या आवाजात बोललो, कामं झाली. फोनवाल्यांच्या काउंटरवर पोरगी म्हणाली, काका, परबांच्या नावावर दोन नंबर दिसतायत. मी म्हटलं, माणूसच गेला, नंबर ठेवून काय करता? दोन्ही बंद करा. सही ठोकली आणि छाती काढून घरी आलो. दुसरा नंबर कुठला, हे विचारायची बुद्धी मला झाली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता सोळा घरं कोरडी. लोक माझ्या नावाने ओरडले असते तर बरं झालं असतं, पण कोणाला काही माहीतच नव्हतं. मला मात्र मीटरच्या खोलीत उभ्या उभ्या सगळं कळलं, तो दुसरा नंबर डब्याचा होता. वहिनींकडे कबुली द्यायला गेलो. त्या हातात फोन घेऊन बसल्या होत्या. म्हणाल्या, “भावोजी, आज ह्यांचो मेसेज नाय इलो.” आणि फोन माझ्यापुढे केला. नऊ वर्षांचे मेसेज, त्यांनी एकही पुसला नव्हता. रोज तोच, ‘पाणी इला. चाय टाकतंय.’ मेसेज आला की दत्ता आधी खाली जाऊन नळ बघायचा, वर यायचा, पाणी भरायचा आणि चहा टाकायचा. वहिनी चहाच्या वासाने उठायच्या. तो गेल्यावरही रोज पहाटे त्यांना ‘चाय टाकतंय’ येत होतं, आणि मी सही करून ते बंद पाडलं होतं. मी तिथेच खाली बसलो. त्या उलट मलाच पाणी द्यायला लागल्या, आणि माठात पाणी नव्हतं.

काउंटरवर परत गेलो, हातापाया पडलो. बंद झालेला नंबर परत मिळत नाही, असं ती पोरगी कळवळून म्हणाली. नवीन सिम आणलं, तर त्या म्हाताऱ्या फोनाला नव्या सिमची भाषा कळेना. पूर्वा पुण्याहून फोनवर सांगत होती, काका, जुन्या नेटवर्कवरचं, जुनं सिम लागेल. बिल्डिंगीत सगळ्यांकडे शोधलं. जुनं, चालू असलेलं सिम फक्त एका माणसाकडे होतं. माझ्याकडे. माझा पहिला आणि एकुलता एक नंबर, नातेवाइकांना, डेपोतल्या सगळ्या मित्रांना पाठ. काढलं. मंगल बघत होती, तिला वाटलं मी कांगावा करीन, पण मी सिम मुठीत घेऊन जिना उतरलो.

श्रीखंडाचा डबा उघडला तर झाकणाच्या आतल्या बाजूला एक कागद चिकटवलेला, दत्ताच्या अक्षरात. वर लिहिलेलं, ‘वसंतासाठी’. पहिली ओळ, ‘हात लावू नकोस.’ दुसरी, ‘तरी लावणारच, तर आधी वीज बंद कर.’ मग सिम कसं काढायचं, कसं घालायचं, कुठली वायर कुठे, सगळं पोराला समजावं तसं. शेवटची ओळ होती, ‘एटी लिही. ओके आलं, तर मला हाक मारायची गरज नाही.’ ... कधी लिहून ठेवलं होतं कोण जाणे. माझा चष्मा ओला झाला, तो पुसून परत वाचलं. मग सांगितल्याप्रमाणे केलं आणि लॅपटॉपवर एका बोटाने दोन अक्षरं लिहिली. थोडा वेळ काहीच नाही. मग खालच्या ओळीत आलं, ‘ओके’. मी एवढा मोठ्याने रडलो, की पटेलबेन तुळशीपाशी पाणी टाकून धावत आल्या. त्यांना वाटलं, शॉक बसला.

आता एक अडचण उरली होती. सगळे मेसेज माझ्या नंबरवरून जाणार, म्हणजे वहिनींना तो ‘चाय टाकतंय’सुद्धा. शेजारच्या वहिनींना पहाटे पाचला परपुरुषाचा असला मेसेज, बरं दिसतं का? मी वहिनींना म्हटलं, नुसतं ‘पाणी इला’ ठेवतो, पुढचं काढतो. त्या म्हणाल्या, “काढू नका, भावोजी.” एवढंच. मी घरी येऊन मंगलला सांगितलं. मंगल पोळ्या लाटत होती. मान वर न करता म्हणाली, “ठेवा की. पण नंबर तुमचा, मेसेज तुमचा. मग शब्द पाळायला कोण येणार?”

चाळीस वर्षांच्या संसारात मी गॅस पेटवला नव्हता. दुसऱ्या दिवशी पहाटे आता माझ्या फोनात असलेल्या त्या नव्या सिमवर माझ्याच जुन्या नंबरवरून मेसेज आला, ‘वसंता, ऊठ. पाणी इला.’ मी उठलो. पिंप भरायला लावलं, चहा टाकला, आलं जास्त पडलं, दूध उतू गेलं, ते पुसलं. किटली घेऊन दोन मजले उतरलो, मागून कप घेऊन मंगल. वहिनी दार उघडून बसलेल्याच होत्या. एक घोट घेतला, कप खाली ठेवला आणि म्हणाल्या, “ह्यांच्यापेक्षा वाईट आसा. उद्या परत टाका.”

तेव्हापासून रोज टाकतो. तर मित्रहो, डेपोतल्या मंडळींनी माझ्या जुन्या नंबरवर फोन करू नये, तो जिन्याखाली श्रीखंडाच्या डब्यात आहे आणि उचलणार नाही. नवा नंबर मंगलकडून घ्या. पण त्याच्यावरही पहाटे साडेपाचच्या सुमारास करू नका. त्या वेळी मी चहा टाकत असतो.