मंजूर मजकुराबाहेरचा शब्द

मनुष्याने मनुष्याकडे अर्ज करावा आणि तो मंजूर वा नामंजूर व्हावा, हे मला मान्य आहे. माझे पोट त्यावरच चालले. परंतु देवाने आमच्यावर काय उपकार केले, हे देवळात बोलण्यासाठीही कचेरीची मंजुरी लागावी, याचा संताप मला आजही आवरत नाही.

बेंबळीपासून तीन कोसांवरच्या आमच्या गावात श्रावणातल्या पहिल्या सोमवारी महादेवाच्या आरतीनंतर सारे देवळातच बसत. देवाने कोणाला कशातून तारले, ते ज्याने पाहिले त्याने सांगायचे. आणि ज्याला तारले, त्याने उभे राहून "मी हाय" म्हणायचे. विहिरीतून निघालेला उठे, साप चावून वाचलेली उठे.

माझी पाळी ठरलेली असे. तापाच्या साथीत माझे आईबाप एकाच रात्री गेले, तेव्हा मी चार महिन्यांचा होतो. शेजारच्या कुंभारणीचे मूल त्याच आठवड्यात गेले होते. तिने मला अंगावर पाजले. तिला मी आत्या म्हणे. दरवर्षी ती सांगे, "दार उघडलं तं दोगंबी गार पडलेली, अन् हे मधी मूठ चोखत हुतं." मग मी उठे.

निजामाच्या अमलाची ती अखेरची वर्षे होती. जमाव करायचा तर लेखी इजाजत हवी, असा हुकूम आला. गावात उर्दू दरखास्त, म्हणजे अर्ज, लिहिणारा मी एकटा. चौथीपुढे शाळा पाहिली नाही, तरी माझी दरखास्त भाषेच्या दोषाने परत आल्याचे कोणी दाखवून द्यावे! अर्ज पाहणाऱ्या कचेरीतल्या कारकुनाने, पेशकाराने, विचारले, देवळात काय बोलणार? मी सविस्तर लिहून दिले. सरकारच्या मेहरबानीचा उल्लेख करणे हा आमच्या धंद्याचा शिरस्ता. तेव्हा साथीत प्रजा वाचली ती सरकारच्या कृपेने, असेही लिहिले. पेशकाराने मोहर उठवली, माझी जामीन म्हणून सही घेतली आणि बजावले, "जित्ता लिखे, उत्ताच पढना. ज्यादा नक्को."

सोमवारी पोलिसांचा एक जवान मंजूर मजकुराची नक्कल घेऊन खांबाला टेकून बसला. मी वाचू लागलो. सरकारच्या कृपेपाशी येताच आत्या कडाडली.

"थांब रं! त्या साली सरकार कुठं हुतं? मढं उचलाया मानूस न्हवतं!"

"आत्या, हा मंजूर मजकूर आहे. तुम्ही बसा."

"मी बसलेलीच हाय. तू खाली बस. लई शिकलास!"

लोक हसले. भर सभेत माझ्या लेखनाचा असा अवमान कधी झाला नव्हता. मी खाली बसलो, ते रागाने. तिने आपले सांगणे सुरू केले. दार, गार पडलेली दोघे, चोखलेली मूठ.

"ए बुड्ढी! कागज में नै ये!" जवान ओरडला.

"तुज्या कागदाआदीचं हाय बाबा," ती म्हणाली, आणि शेवटचे वाक्य पुरे केले, "म्हादेवानं ठिवलं त्याला."

आता उठायचे मी. पण "मी हाय" कागदात नव्हते. उठलो तर जामीन बुडणार, कचेरीच्या ओट्यावरची माझी अर्ज लिहायची जागा जाणार, हे मला पक्के ठाऊक होते. मी मांडीवरचा कागद सरळ करीत राहिलो. कोणी हसेना.

आत्याने गाभाऱ्याकडे पाहत विचारले, "कुठं हाय त्यो? मेला का?"

मी उठलो. "मी हाय," म्हणालो. दरखास्तीच्या भाषेत ते मला म्हणता आले नाही. माझ्यामागे विहिरीतून निघालेला उठला, साप चावलेली उठली, कोणी न विचारता. जवानाने मात्र नाव एकट्या माझे लिहून घेतले.

दुसऱ्याच बाजारच्या दिवशी मला ओट्यावरून उठवले. शेऱ्यात लिहिले होते, मंजूर मजकुराबाहेर बोलला. चार महिन्यांचा असल्यापासून दर श्रावणात खरे असलेले माझे जिवंत असणे मजकुराबाहेरचे! त्या पेशकाराला मी अद्याप क्षमा केलेली नाही. परंतु न्यायाने सांगायचे तर, कृपेचे ते वाक्य घालायला त्याने मला सांगितले नव्हते.