आईचा छापखाना

बाबा गेल्यानंतरच्या उन्हाळ्यात आई पहिल्यांदाच एकटी माझ्याकडे स्लाऊला आली. साताऱ्यातला आमचा छापखाना लग्नपत्रिकांचा. बाबा गिऱ्हाइकं सांभाळायचे, आई अक्षरांचे उलटे खिळे जुळवायची. आता ती तो विकायला निघाली होती. "शुभकार्याची पत्रिका माझ्या हातून कोण नेईल?" एवढंच तिचं म्हणणं. मामाने घेणाराही बघून ठेवला होता. आईच्या त्या अपशकुनाच्या विचाराचा मला संताप यायचा, पण विकू नकोस असं काही मी म्हणत नव्हते. छापखाना गेला की आई वर्षातले निम्मे दिवस माझ्याकडे राहील, हा माझा सरळसरळ स्वार्थ.

एका शनिवारी लेकीला घेऊन आम्ही लंडनला जुन्या नकाशांचं प्रदर्शन बघायला गेलो. आईला नकाशांत काडीचा रस नव्हता, पाय मोकळे करायचे होते. एका खोलीत सगळं एकाच डच कुटुंबाचं होतं. बाप तांब्यावर नकाशे कोरायचा, मुलगे त्याच्या हाताखाली, बायको आणि मुली छापलेल्या कागदांवर रंग भरायच्या. काचेखाली कोरलेला एक तांब्याचा पत्रा होता, त्यावरची सगळी अक्षरं उलटी. लोक नजर टाकून पुढे सरकत होते. आई मात्र वाकून एकेक गावाचं नाव वाचायला लागली, पेपर वाचावा तशी. इंग्रजी पत्रिकाही तिनेच जुळवलेल्या. उलटं वाचण्यात तिचा जन्म गेलेला. शेवटच्या ओळीशी ती अडली.

"ही कुठली भाषा गं?"

लेकीने बाजूची पाटी वाचली. "आजी, ही त्या मॅपमेकरची वाइफ. तिचा हजबंड डेड झाला ना, मग तिने शॉप रन केला. हा तिचा सही आहे. त्याची विडो, असं लिहिलंय."

"नकाशावरच छापलंय? विधवा म्हणून?"

"हो ना. सगळ्या मॅप्सवर."

"आणि लोक घ्यायचे?"

"ऑब्व्हियसली, आजी!"

आई बाकावर जाऊन बसली. पर्समधून चिवड्याची पुडी काढून बराच वेळ खात राहिली. इथे खायला मनाई आहे, हे मी तिला सांगितलं नाही.

घरी आल्यावर चहाही न घेता तिने मामाला फोन लावायला लावला.

"दादा, मशीन द्यायचं नाही. त्या माणसाला कळवून टाक."

पलीकडून मामा खूप काही बोलत होता.

"म्हणू देत लोकांना काय म्हणायचं ते," आई म्हणाली. "ज्याला चालेल तो येईल. आणि पाटी मी आल्यावर माझ्या नावाची करणार आहे."

मला तिचा अभिमान वाटला आणि तितकंच वाईटही वाटलं. तिचं परतीचं तिकीट डिसेंबरचं होतं, पण तुळशीचं लग्न झालं की लगीनसराई सुरू. मी कॉम्प्युटरपुढे बसून ते दिवाळीच्या आधीचं करायला घेतलं. आई मागे उभी राहून माझ्या केसांतून हात फिरवत होती.

"रडतेस का गं?"

"तू हवी होतीस मला इथे," मी म्हटलं, आणि तारीख पक्की केली.