तीन दिवसांचे सहलदादा

आमच्या भाऊजींना बोलता येतं, हे आमच्या घरात कोणालाच माहीत नव्हतं. म्हणजे मुके नव्हते ते. "हं" म्हणायचे. चहा हवा असला तर वर चढणारा हं, नको असला तर खाली उतरणारा, आणि ताईच्या माहेरचा विषय निघाला की मध्येच तुटणारा. एवढ्या हुंकारांवर ताईने संसार केला, दोन मुलं मार्गी लावली. माझा भाऊ त्यांना तोंडावर मौनीबाबा म्हणायचा. त्यावरही ते "हं" म्हणायचे.

भाऊजी एका मोठ्या ग्रंथालयाच्या नकाशा विभागात आहेत. रुंद, उथळ खणांची लोखंडी कपाटं, मध्ये एक लांबलचक टेबल, आणि अधूनमधून चुकून आत येणारा एखादा वाचक, तोही बहुधा पाण्याचा नळ कुठे आहे ते विचारायला. अशा जागी माणूस गप्पच होणार, असं आम्ही धरून चाललो होतो. वर्षातून एकदा मात्र ते नकाशा-ग्रंथपालांच्या विभागीय संमेलनाला जायचे. परत यायचे ते उन्हाने सोललेलं नाक आणि संमेलनाची कापडी पिशवी घेऊन. ताई विचारायची, "कसं झालं?" "हं." झालं संमेलन.

गेल्या वर्षी पत्रक आलं की या खेपेला कुटुंबीयांनाही आणता येईल. भाऊजींनी ते हळूच वर्तमानपत्राखाली सरकवलं, पण ताई वर्तमानपत्र झटकूनच वाचते.

"मी येऊ का?" तिने विचारलं.

भाऊजींनी असा एक हं केला, जो आजवर कोणीच ऐकला नव्हता. ताईने त्याचा अर्थ हो असा लावला आणि सोबतीला मलाही घेतलं.

नोंदणीच्या टेबलापाशी पोचतो न पोचतो तोच जाड भिंगांचा चष्मा लावलेल्या एक बाई ओरडल्या, "सहलदादा आले!"

ताईने मागे वळून पाहिलं. मागे कोणीच नव्हतं. तोवर चार-पाच जणांनी भाऊजींच्या गळ्यात हात टाकले होते, आणि भाऊजी, आमचे भाऊजी, एकाला विचारत होते, "काय रे, गेल्या वेळी तळ्यात पडलेला तुझा चष्मा सापडला का? नाहीतर एव्हाना एखादा मासा पेपर वाचत असेल!"

ताईने माझा दंड घट्ट धरला. "हे कोण बोललं गं?"

"भाऊजी."

"आपले?"

तेवढ्यात भिंगाच्या बाईंचं लक्ष ताईकडे गेलं. "अय्या, म्हणजे तुम्हीच का त्या! ती चुकीच्या घरची गोष्ट..." आणि त्यांना इतकं हसू आलं की खुर्ची द्यावी लागली. भाऊजी छातीवरचा बिल्ला सरळ करण्यात एकदम गढून गेले.

दुपारपर्यंत मला संमेलनाचं गुपित कळलं. नौकाविहारासाठी कुठलंही कार्यालय रजा देत नाही, म्हणून निबंधवाचन ठेवावं लागतं. 'नकाशांच्या घड्या : एक पुनर्विचार' हा निबंध चालू असताना दालनात तिघं होते. वाचणारे, सत्राचे अध्यक्ष आणि पडद्यावर चित्रं दाखवणारा, कारण त्याला यंत्र सोडून जाता येईना. बाकी सगळे विद्वान बाहेर दुसऱ्या दिवशीच्या बोटीतल्या जागांसाठी रांगेत उभे होते. वाचणाऱ्यांनीही रांगेत आपली पिशवी ठेवली होती. म्हणूनच निबंध भराभर उरकला.

बोटीचा प्रश्न साधा नव्हता. कागदी नकाशेवाले आणि संगणकवाले यांच्यात बोलणं नसतं. दोन बोटी होत्या, एक मोठी, एक लहान, आणि दोन्ही पक्षांना तत्त्वासाठी मोठीच हवी होती. निवेदनं निघाली, सभात्यागाची भाषा झाली. भाऊजी निवांतपणे संगणकवाल्यांच्या घोळक्यात शिरले आणि म्हणाले, "लहान बोटीत रेंज चांगली येते म्हणे." क्षणात लहान बोटीची यादी भरली.

संमेलनाध्यक्षांना मात्र बोटीत रस नव्हता. ते दरवर्षी स्वतः एक पदयात्रा काढतात आणि प्रत्येक कोपऱ्यावर थांबून त्या कोपऱ्याविषयी बोलतात. त्या सकाळी निम्म्या संमेलनाचे पाय मुरगळलेले असतात. जेवणाच्या घंटेला बरे होतात.

आम्हा सोबत आलेल्यांसाठी वेगळी सहल होती. खजिनदारांचे मेहुणे जलशुद्धीकरण केंद्रात असल्यामुळे आम्हाला पाणी कसं शुद्ध होतं ते दाखवण्यात आलं. आधी गढूळ पाण्याची टाकी पाहिली, मग कमी गढूळ पाण्याची, मग जरा बऱ्या पाण्याची. कोणाचे तरी सासरे होते, ते प्रत्येक टाकीपाशी "वा" म्हणायचे. परतीच्या बसमध्ये ताई खिडकीतून बाहेर बघत म्हणाली, "माझ्यावर हसतात गं ही माणसं. आणि मला तो विनोदसुद्धा माहीत नाही."

संध्याकाळी स्नेहभोजन होतं. ताई मुद्दाम पुढच्या टेबलावर बसली. भाऊजींनी माइक हातात घेतला आणि अध्यक्षांची हुबेहूब नक्कल केली. स्वतः अध्यक्षही हसले, कारण त्यांना ती खजिनदारांची वाटली. मग सगळीकडून आरडाओरडा सुरू झाला, "चुकीचं घर! चुकीचं घर!"

भाऊजींनी तोंड उघडलं. समोर ताई दिसली. तोंड मिटलं.

"हं," ते माइकमध्ये म्हणाले.

लोकांना वाटलं, ही नवी सुरुवात आहे. हसले. भाऊजी पुन्हा "हं" म्हणाले. आता कोणी हसलं नाही. त्यांनी पुन्हा बिल्ला सरळ केला. मला वाटलं, ताई उठून निघून जाणार. ती उठली खरी, पण सरळ व्यासपीठावर गेली आणि त्यांच्या हातातून माइक काढून घेतला.

"मी सांगते, आत्ता कळलं मला कुठलं घर ते," ती म्हणाली. "ह्यांनी अर्धीच सांगितली असणार. ह्यांच्या चुलत भावाने नवं घर घेतलं, ते बघायला गेलो होतो. मी चुकून शेजारच्या घराची घंटा वाजवली, आत गेले, भेटवस्तू दिली, चहा घेतला, त्या लोकांना रंग कुठला द्यायचा तेही सांगितलं. हसा, खुशाल हसा. पण भिंतीवरचे फोटो बघून पहिल्याच मिनिटाला घर चुकल्याचं ओळखणारी ही व्यक्ती माझ्या शेजारीच बसली होती! ह्यांना सगळं कळलं होतं. पण बोलायचं कोणी?"

"अगं, बोललो होतो मी!" भाऊजी माइकशिवायच ओरडले.

"काय बोललात?"

"हं म्हणालो होतो!"

दालन कोसळलं. कागदीवाले संगणकवाल्यांच्या पाठीवर थापा मारायला लागले. मग हे दोघं व्यासपीठावर असे भांडले, असे भांडले की मी थक्क होऊन बघत राहिले. इतक्या वर्षांत ताईला पहिल्यांदाच कोणी तरी उलटून बोलत होतं, आणि तिच्या चेहऱ्यावर काय आनंद! अध्यक्षांचं त्या रात्रीचं भाषण वेळेअभावी राहिलं. त्यांच्या कारकिर्दीतलं सर्वांत लोकप्रिय भाषण तेच ठरलं.

दुसऱ्या दिवशी बोटीत ताईने त्यांना गाठलं. मी मागच्या फळीवर बसून तळ्याकडे बघत सगळं ऐकत होते.

"अहो, घरी का नाही असं बोलत?"

भाऊजींनी पाण्यात हात घातला. "इथे तीन दिवसांचंच असतं," ते म्हणाले. "तीन दिवस कोणालाही गमतीदार होता येतं. वर्षभर कसं निभवायचं? घरी एकदा तुला हसवलं, की तू रोज वाट बघणार. मला धास्ती वाटते."

ताईने त्यांच्याकडे नीट पाहिलं. "नाही हसणार रोज," ती म्हणाली. "तुमचे सगळेच विनोद काही चांगले नव्हते."

भाऊजींचा जीव भांड्यात पडल्याचं मला मागूनसुद्धा दिसलं.

नंतर काय झालं ते सांगते. भाषण हुकल्यामुळे दुखावलेल्या अध्यक्षांनी वेगळं संमेलन काढलं. त्यात तिन्ही दिवस पदयात्रा असतात आणि सभासद सध्या दोन आहेत, दुसरे त्यांचे जावई. मूळ संमेलनाने ताईला सोबत आलेल्यांच्या सहलींचं प्रमुख केलं. तिने सगळ्यात आधी जलशुद्धीकरण बंद केलं. त्यावर खजिनदारांनी राजीनामा दिला, तो लगेच मंजूर झाला, म्हणून त्यांनी तो लगेच मागे घेतला.

घरी भाऊजी आता बोलतात. फार नाही. परवा भाजी निवडता निवडता ते ताईला काही तरी सांगत होते. मी दारातच थांबले. गोष्ट फारशी रंगली नाही, शेवट तर पार फसला. ताई "बरं" म्हणाली आणि देठं गोळा करायला लागली. भाऊजींनीही काही मनावर घेतलं नाही. त्यांनी दुसरी सुरू केली.